गाणं म्हटलं की घरात सगळे गप्प होतात

पत्र:

ताई, मी ३१ वर्षांची. तीन वर्षांपूर्वी मला बायपोलर डिसऑर्डर टाइप वनचं निदान झालं. एक मोठा मॅनियाचा एपिसोड, म्हणजे मूड आणि एनर्जी भलतीच वर चढलेली, हॉस्पिटल, मग सात-आठ महिने डिप्रेशन. आता सव्वा वर्ष झालं मी स्टेबल आहे, नोकरी करते, गोळ्या चुकवत नाही. आई आणि दादासोबत राहते. गेल्या आठवड्यात ऑफिसात माझं एक काम सगळ्यांना आवडलं म्हणून खुशीत होते, घरी येऊन कपड्यांच्या घड्या घालताना मोठ्यानं गाणं म्हणत होते. आईनं दादाकडे बघितलं, दादानं मला विचारलं, "गोळी घेतलीस का?" मी गप्प झाले ती झालेच. हसले तरी गोळी, रागावले तरी गोळी, उशिरा आले तरी गोळी. कधी वाटतं गोळ्याच बंद कराव्या, म्हणजे निदान हा प्रश्न तरी संपेल. त्या एपिसोडमध्ये मी आईचे साठवलेले पैसे उडवले, ऑफिसच्या ग्रुपवर रात्री तीन वाजता नको नको ते लिहिलं, आठवलं की आजही जीव शरमेनं मेल्यासारखा होतो. दादा म्हणतो बाहेर कुणाला सांगू नकोस. माझा आनंद खरा की आजार हे आता मलाच कळेनासं झालंय. मी स्वतःला कसं स्वीकारू? आणि घरचे मला पेशंट समजणं कधी थांबवणार?

उत्तर:

अगं, तुझं पत्र वाचताना मी त्या अर्धवट राहिलेल्या घडीपाशीच अडकले. हातात कपडा, तोंडात गाणं, आणि समोर दोन माणसं एकमेकांकडे बघतायत. ते बघणं मला पाठ आहे. मलाही बायपोलर आहे, निदान होऊन १७ वर्षं झाली, आणि आमच्या घरात ते बघणं जवळजवळ चार वर्षं चाललं, मी जरा जोरात हसले की माझी मोठी बहीण आणि माझा नवरा यांची नजरानजर, आणि मग तो मुद्दाम सांभाळून काढलेला आवाज. तेव्हा मलाही हेच वाटायचं, की याच्यापेक्षा गोळ्या सोडलेल्या बऱ्या. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते, औषधाचा कुठलाही निर्णय तुझ्या डॉक्टरांशी बोलूनच, पण या आजारासोबत घरात राहायचं कसं हे मी राहून शिकलेय, तेवढं मनापासून सांगते.

आधी तो सगळ्यात अवघड प्रश्न, आनंद खरा की आजार. मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली खूण झोपेची आहे. खुशीत असलं की एखाद्या रात्री झोप लागत नाही, पण दुसऱ्या दिवशी आपण दमतो, जांभया येतात, रात्री लवकर आडवं व्हावंसं वाटतं. मॅनिया चढायला लागला की तीन तास झोपूनही दमायलाच होत नाही, शरीर झोप मागतच नाही, आणि ते इतकं छान वाटतं की यात काही गडबड असेल अशी शंकासुद्धा येत नाही. डॉक्टर लोक हायपोमॅनिया (म्हणजे सौम्य मॅनिया) म्हणायला सलग ४ दिवस आणि मॅनिया म्हणायला सलग ७ दिवस बदललेला मूड आणि वाढलेली एनर्जी बघतात (हॉस्पिटलात ठेवायची वेळ आली तर दिवस मोजत बसत नाहीत), शिवाय सोबत बोलण्याचा वेग, डोक्यात विचारांची गर्दी, खर्च, जोखमीचे निर्णय, मोठमोठे प्लॅन असं बरंच काही लागतं. आणि दरवेळी खुशीच असते असं पण नाही, कित्येकदा मॅनिया नुसत्या चिडचिडीच्या रूपात येतो. आता तू म्हणतेस ती संध्याकाळ घे. कामाचं कौतुक झालं, गाणं म्हटलंस, कुणी टोकलं तर वाईट वाटून गप्प झालीस. कारण होतं, त्या कारणाच्या मापाचा आनंद होता, आणि तो थांबलाही. मला पत्रातून जेवढं दिसतंय त्यावरून मी तरी याला आनंदच म्हणेन.

पण दुसरी एक गोष्ट आहे आणि ती तुला आवडणार नाही कदाचित. प्रत्येकाची वर चढायची वाट ठरलेली असते, निदान बऱ्याच जणांची. माझं असं होतं की आधी सगळे लोक फार हळू बोलतायत असं वाटायला लागतं, मग रात्री कपाटं आवरणं सुरू होतं, मग दहा-पंधरा वर्षं संपर्क नसलेल्या मैत्रिणींना लांबलचक मेसेज, आणि चौथ्या पायरीवर पैसे. साधारण याच क्रमानं. ही यादी मी केलेली नाही गं, माझ्या बहिणीनं केली, कारण मला त्यातलं अर्धंच आठवत होतं आणि जे आठवत होतं ते सगळं मला त्या वेळी बरोबरच वाटलं होतं. तुझी वाट कशी होती हे तुझ्यापेक्षा आई आणि दादाला जास्त माहीत असणार. म्हणजे ज्या दोन माणसांचा तुला राग येतोय त्यांच्याकडेच तुझ्या उपयोगाची सगळ्यात महत्त्वाची माहिती आहे, फक्त ती त्यांच्याकडे भीतीच्या रूपात पडून आहे आणि भीतीला एकच वाक्य सुचतं, गोळी घेतलीस का.

त्यांनी काय बघितलं याचा जरा विचार कर. तुझ्यासाठी तो एपिसोड म्हणजे तुटक तुटक चित्रं असतील. त्यांनी मात्र तो सलग बघितलाय, एकेक दिवस, आणि सुरुवातीला त्यांनाही वाटलं असेल की वा, आपली पोर किती दिवसांनी खुशीत आहे. त्या खुशीचं पुढे काय झालं ते त्यांच्या डोक्यात बसलंय. म्हणून तू गाणं म्हटलंस की आईच्या पोटात गोळा येतो. तिला तुझं गाणं नको आहे असं नाही गं, तिला ते गाणं कुठे जाऊन थांबेल याची खात्री राहिलेली नाही.

म्हणून त्यांचं वागणं बरोबर आहे असं मी म्हणत नाहीये. घरातल्या वातावरणाचा आणि आजार उलटण्याचा संबंध हा काही नुसता अनुभवाचा विषय नाही. इंग्लंडमध्ये जॉर्ज ब्राऊन नावाच्या संशोधकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५०-६० च्या दशकांत स्किझोफ्रेनियाच्या पेशंटचा अभ्यास करताना पाहिलं की हॉस्पिटलातून घरी गेल्यावर ज्या घरांत सतत टीका, राग किंवा अती गुंतणं असतं तिथे पेशंट पुन्हा आजारी पडायचं प्रमाण जास्त असतं. पुढे बायपोलरच्या बाबतीतही तसंच आढळलं. यातलं "अती गुंतणं" नीट वाच. म्हणजे नुसते ओरडणारे घरचेच नाही तर डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवणारे, जीव टाकणारे घरचेसुद्धा नकळत ताण वाढवतात. पुढे डेव्हिड मिक्लोविट्झ या मानसशास्त्रज्ञानं यावरच पेशंट आणि कुटुंब दोघांना एकत्र बसवून करायची थेरपी उभी केली, साधारण नऊ महिन्यांत २१ सेशन, त्यात आधी सगळ्यांना आजार नीट समजावतात, मग एकमेकांशी बोलायचं कसं याची चक्क प्रॅक्टिस करून घेतात, मग घरातले खरे प्रश्न सोडवायला बसतात. अशी फॅमिली थेरपी करणारं कुणी तुमच्या डॉक्टरांच्या माहितीत असेल तर जरूर विचार. नसेल तरी त्यातलं बरंच काही घरच्या घरी करता येतं, आणि आमच्याकडे ते एका कागदानं झालं.

कागद म्हणजे साधा वहीचा कागद. मी ठीक होते, पूर्ण ठीक, अशा एका रविवारी आम्ही तिघं बसलो आणि लिहून काढलं की कुठली लक्षणं दिसली की काय करायचं. हे ठीक असतानाच करायचं, कारण वर असताना आपल्याला कुणाचं पटत नाही आणि खाली असताना काहीच करावंसं वाटत नाही. पहिलं भांडण यावरून झालं की बोलणार कोण. मी म्हटलं, एकच माणूस. दोघांनी मिळून आणि तेही एकमेकांकडे बघून नाही, चारचौघांत नाही, भांडणाच्या मध्ये तर अजिबातच नाही. मी बहिणीला निवडलं, नवऱ्याला वाईट वाटलं, पण त्याच्याशी माझी रोजची भांडणं होतात आणि तिच्याशी होत नाहीत, एवढं साधं कारण होतं. मग शब्द ठरवले. तिनं "तू बरी आहेस ना" विचारायचं नाही, कारण त्यावर मी कायम "हो" म्हणते. तिनं विचारायचं, काल किती तास झोपलीस आणि परवा किती. आकडा सांगायचा. सलग दोन रात्री पाच तासांच्या खाली झोप आणि तरी थकवा नाही, की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, मला पटलं असो वा नसो. (हा पाच तासांचा आकडा माझा आहे, माझ्या डॉक्टरांशी बोलून ठरवलेला, तुझा वेगळा असू शकतो, विचारून घे.)

पैशाचंही लिहिलं. कागदावरचं लक्षण दिसलं की कार्डं बहिणीकडे, मोठी खरेदी किंवा कुठलीही सही असेल तर दोन रात्री नीट झोप झाल्याशिवाय नाही, फोन रात्री दुसऱ्या खोलीत. लिहिताना मला अपमान वाटला, खरं सांगते. पण नंतर लक्षात आलं की हे बाकीचे माझ्यावर लादत नाहीयेत, मी शहाणी असताना माझ्या आजारी दिवसांसाठी स्वतःच सोय करून ठेवतेय, आणि त्या बदल्यात मला बाकीचे सगळे दिवस मोकळे मिळतायत. कारण कागदाच्या दुसऱ्या बाजूला मी लिहिलं होतं की यातलं काही नसेल तर माझा राग हा राग आहे, हसणं हे हसणं आहे, आणि त्यावर आजाराचा विषय काढायचा नाही. ती बाजू त्यांना पाळायला जड गेली, सहा-सात महिने तर दर आठवड्याला कुणीतरी चुकायचंच, मी कागदाकडे बोट दाखवायचे. पण त्यांची भीती हळूहळू कमी झाली कारण त्यांना काय बघायचं ते माहीत झालं. सगळीकडे बघत बसायची गरज उरली नाही.

आणि गोळीच्या प्रश्नाचं अगदी साधं उत्तर आहे, वारांप्रमाणे सात कप्प्यांचा गोळ्यांचा डबा आणून सगळ्यांना दिसेल अशा जागी ठेव. मंगळवारचा कप्पा रिकामा दिसला की संपलं, विचारायचं काही राहतच नाही. हे इतकं लहानसं आहे, पण आमच्या घरातले निम्मे वाद या डब्यानं मिटवले.

आता गोळ्या बंद करण्याबद्दल. प्लीज करू नकोस. मी तुला घाबरवायला म्हणत नाहीये, केलंय मी ते, बरी आहे म्हणून सोडल्या होत्या, आणि दोन महिन्यांत परत हॉस्पिटलात होते. ही चूक या आजाराच्या औषधांइतकीच जुनी आहे. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड नावाच्या डॉक्टरनं मॅनियाच्या दहा पेशंटना लिथियम देऊन काय झालं ते प्रसिद्ध केलं, बायपोलरच्या आधुनिक उपचारांची सुरुवातच तिथून धरतात. त्यातला पहिला पेशंट कित्येक वर्षं मॅनियात वॉर्डात पडून होता, तो इतका सुधारला की घरी गेला, कामावर परत गेला. मग औषध घेईनासा झाला आणि काही महिन्यांत पुन्हा त्याच हॉस्पिटलात. पहिलाच पेशंट! मला हे वाचून खूप धीर आला होता, की बरं वाटलं की औषध नकोसं होणं हा माझा एकटीचा मूर्खपणा नाही, ते या आजारात होतंच, म्हणून त्याची तयारी आधी करून ठेवायची. विशेषतः लिथियम अचानक बंद केलं तर आजार उलटायचा धोका जास्त असतो, त्यामुळे कधी बदलायचं, कमी करायचं झालं तरी ते डॉक्टरांनी हळूहळू करायचं काम आहे.

तू कुठलं औषध घेतेस ते लिहिलेलं नाहीस म्हणून दोन-चार गोष्टी सगळ्यांसाठीच सांगते. लिथियम असेल तर रक्ताची तपासणी टाळू नकोस, शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी रक्त देतात, पातळी बहुतेकांची ०.६ ते १.० (mmol/L) च्या आसपास ठेवतात, आणि सोबत थायरॉइड आणि किडनीवरही लक्ष ठेवतात. उलट्या-जुलाब झाले, खूप घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालं किंवा आयबुप्रोफेनसारखी पेनकिलर घेतली तरी ती पातळी वर जाऊ शकते, म्हणून डोकं दुखलं तरी कुठली गोळी चालेल ते आधी विचारून ठेव. हात जोरात थरथरणं, तोल जाणं, बोलणं अडखळणं, गोंधळल्यासारखं होणं असं काही झालं तर थांबायचं नाही, लगेच हॉस्पिटल. लॅमोट्रिजिन असेल आणि मध्ये पाच-सहा दिवस राहून गेलं तर आधीचा पूर्ण डोस आपला आपण परत सुरू करायचा नाही, अंगावर गंभीर रॅश येऊ शकते, डॉक्टर ते पुन्हा थोड्यापासून चढवतात. आणि व्हॅल्प्रोएट असेल आणि पुढेमागे मूल हवंय असा विचार असेल तर तो विचार डॉक्टरांना आधीच सांग, गर्भाला त्याचा धोका असतो, बदलायला वेळ लागतो. मूल होऊ द्यायचं की नाही याची पण तुला भीती असेल, तू लिहिली नाहीस तरी. आजारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे हे खरं, पण आई-वडिलांपैकी एकाला बायपोलर असलं तरी दहातल्या साधारण नऊ मुलांना तो होत नाही.

गोळ्यांबद्दल अजून एक, जे डॉक्टरांसमोर बोलायला आपल्याला लाज वाटते. त्या वर असण्याची आठवण येते. तो वेग, ते सगळं सुचणं, आपण कुणीतरी भारी आहोत असं वाटणं. मला ती आठवण कित्येक वर्षं येत होती आणि स्टेबल आयुष्य मला फिकं वाटायचं. हे गेलेल्या माणसासारखं असतं, त्याचं दुःख करावं लागतं, आणि ते डॉक्टरांना किंवा थेरपिस्टला सांगावं लागतं. शिवाय प्रत्येक फिकेपणा हा स्टेबल असण्याचा भाग असतो असंही नाही, कधी डोस जास्त असतो, कधी थायरॉइड बिघडलेलं असतं, कधी ते हलकं डिप्रेशन असतं, आणि या तिन्हीवर इलाज आहे. गुपचूप सोडून देण्याआधी एकदा "मला सपाट वाटतंय" एवढं तीन शब्दांचं वाक्य डॉक्टरांसमोर बोल.

डिप्रेशनवरून आठवलं, आणि हे मला तुझ्या आईला-दादाला ओरडून सांगावंसं वाटतं. घरच्यांचं सगळं लक्ष वरच्या बाजूला असतं. पोरगी हसली, बोलली, खर्च केला की सगळे सावध. आणि ती गप्प झाली, लवकर खोलीत गेली, कशाला नाही म्हणेनाशी झाली की सगळे सुटकेचा श्वास टाकतात, म्हणतात आता शांत झाली. बायपोलर असलेल्या बहुतेक माणसांचा आजारातला जास्त काळ डिप्रेशनमध्ये जातो, मॅनियात नाही. माझा दुसरा मोठा खड्डा घरात कुणाच्याच लक्षात आला नाही, कारण मी फार "चांगली" वागत होते. म्हणून कागदावर खालच्या बाजूची लक्षणंही लिही. आंघोळ टाळणं, फोन न उचलणं, सकाळी उठायला तास-दोन तास लागणं, जी तुझी असतील ती. दोन आठवडे वाट बघायची गरज नाही. आणि मरणाचे विचार यायला लागले तर ते कुणाला, कुठल्या शब्दांत सांगायचे हेही आत्ताच ठरवून ठेव, कारण त्या वेळी शब्द सापडत नाहीत. आमच्याकडे मी बहिणीला फक्त "ये" एवढाच मेसेज करायचा असं ठरलंय, तिनं कारण न विचारता यायचं, एकटीला सोडायचं नाही, घरातल्या गोळ्या ताब्यात घ्यायच्या आणि डॉक्टरांना किंवा थेट इमर्जन्सीत गाठायचं. एकदा तो मेसेज केलाय मी. ती आली. आणि हो, डिप्रेशनच्या वेळी दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडे गेलीस तर बायपोलर आहे हे आवर्जून सांग, नुसती अँटीडिप्रेसंट, म्हणजे डिप्रेशनची गोळी, दिली गेली तर काही जणांना ती मॅनियात ढकलू शकते.

आता ते पैसे आणि तो ग्रुप. तू विचारतेस स्वतःला कसं स्वीकारू, आणि मला वाटतं तुझं घोडं इथेच अडलंय. एकीकडे तुला म्हणायचंय की ते मी केलंच नाही, आजारानं केलं. दुसरीकडे रात्री झोपताना वाटतं की ती मीच, अशीच आहे मी. मी दोन्ही टोकांवर राहून आलेय. मीही एकदा माझ्या वरिष्ठांना मध्यरात्री एक पत्र पाठवलं होतं, त्यात काय होतं ते आज इथे लिहायची माझी हिंमत नाही. मला जे जमलं ते असं, की दोन वाक्यं एकत्र म्हणायची आणि एकाला दुसरं खोडू द्यायचं नाही: ते माझ्या हातून झालं, आणि मी तेव्हा आजारी होते. पहिल्या वाक्यामुळे मी माफी मागू शकते, नुकसान भरून देऊ शकते. दुसऱ्यामुळे मी स्वतःला शिक्षा देत बसत नाही. आईकडे एकदाच, नीट, समोर बसून माफी माग, काय झालं ते नाव घेऊन सांग, "पैसे उडाले, तुझी इतक्या वर्षांची बचत होती, मला खूप वाईट वाटतं." मग दर महिन्याला जमेल तेवढी रक्कम तिच्या खात्यात टाक, अगदी लहान असली तरी. ती नको म्हणेल. तरी टाक. रोज रोज माफी मात्र मागू नकोस, रोजच्या माफीनं समोरच्याला रोज आपलं सांत्वन करावं लागतं आणि तो दमतो. ऑफिसच्या ग्रुपमधल्या लोकांपैकी ज्या दोघा-तिघांचं तुला खरंच वाटतं त्यांना दोन ओळी पुरेत, बाकीचे कधीच विसरलेत, लोक आपल्या समजुतीपेक्षा फार लवकर विसरतात.

दादा म्हणतो कुणाला सांगू नकोस, त्यात थोडं बरोबर आहे. सगळ्यांना सांगायची गरज नाही, कुणाला किती सांगायचं हा तुझा हक्क आहे आणि नोकरीच्या ठिकाणी जपूनच सांगावं. पण "कुणालाच नाही" हे चूक आहे. घराबाहेरचं एक तरी माणूस असं हवं ज्याच्यासमोर तुला हा शब्द उच्चारता येईल, मैत्रीण, थेरपिस्ट, सपोर्ट ग्रुप, कुणीही. लपवत राहिलं की काही वर्षांनी आपल्यालाच वाटायला लागतं की हे लपवण्यासारखंच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ मध्ये जगात सुमारे ४ कोटी लोक बायपोलरसोबत जगत होते. के रेडफील्ड जेमिसन या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ, आयुष्यभर याच आजारावर संशोधन आणि शिकवण्याचं काम केलेल्या, त्यांनी १९९५ मध्ये जाहीर सांगितलं की हा आजार मला स्वतःला आहे आणि मी लिथियम घेते. त्याआधी त्यांनीही औषध घ्यायला खूप वर्षं खळखळ केली होती, जिवावरच्या प्रसंगातूनही गेल्या होत्या. एवढं सगळं माहीत असलेल्या बाईला जर स्वीकारायला इतका वेळ लागला तर तू तीन वर्षांत "अजून कसं जमत नाही" म्हणून स्वतःवर चिडू नकोस.

रोजच्या दिवसाबद्दल एकच सांगते कारण बाकी तुला डॉक्टरांनी सांगितलेलंच असेल. झोपायची वेळ पाळणं आपल्या हातात पूर्ण नसतं, उठायची वेळ असते. सुट्टीच्या दिवशीही त्याच वेळेला ऊठ. एलन फ्रँक नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी बायपोलरसाठी दिनक्रमावर आधारलेली एक थेरपीच तयार केली, त्यात उठणं, पहिल्यांदा कुणाशी तरी बोलणं, कामाला लागणं, जेवणं, झोपणं यांच्या वेळा पक्क्या करतात, कारण या आजारात शरीराचं घड्याळ पटकन बिघडतं. रात्रपाळी, रात्रभराचा प्रवास, घरातलं कार्य अशा वेळी झोप मोडणार असेल तर आधीच डॉक्टरांना विचारून ठेव.

हा पुढचा भाग दादाला वाचायला दे. दादा, तुम्ही गेली तीन वर्षं घरात पहारा देताय आणि बहुतेक कुणी तुम्हाला विचारलेलं नसेल की तुम्ही कसे आहात. तुम्हाला राग येत असेल, आणि आजारी माणसावर रागवायचं कसं म्हणून तो गिळत असाल, आणि मग तो "गोळी घेतलीस का" मधून बाहेर पडत असेल. तुमच्यासाठीही बोलायला एक माणूस शोधा, बहिणीच्या पुढच्या अपॉइंटमेंटला तिची परवानगी घेऊन सोबत जा आणि तुमचे प्रश्न डॉक्टरांनाच विचारा. तिच्या प्रत्येक मूडची जबाबदारी तुमची नाही. कागदावर तुमच्या वाट्याला जेवढं काम येईल तेवढं करा आणि बाकी वेळ तिचे नुसते भाऊ व्हा, भांडा तिच्याशी, चिडवा तिला, ती त्याची वाट बघतेय.

आणि तू, एवढं कर. या रविवारी वही घेऊन बसा तिघं. लक्षणांची यादी त्यांना करू दे, तू मध्ये बोलू नकोस, ऐकताना रडू आलं तरी चालेल, आम्ही तिघंही रडलो होतो. मग कागद उलटा कर आणि दुसऱ्या बाजूची पहिली ओळ आईला तिच्या हातानं लिहायला सांग: गाणं म्हणणं हे लक्षण नाही.